लायनिंग की बर्स्टिंग? न खोदता ड्रेनेज लाइन बदलण्याचे दोन मार्ग

घराबाहेरची ड्रेनेज लाइन वरचेवर तुंबते, कॅमेरा आत सोडला की तडे दिसतात, सांध्यांतून शिरलेली झाडाची मुळं दिसतात आणि कंत्राटदार म्हणतो, "काळजी नको, न खोदता होऊन जाईल." तो खोटं बोलत नसतो. फक्त कुठल्या पद्धतीने होऊन जाईल, हे त्याला तिथेच विचारायला हवं. कारण न खोदता करायच्या मुख्य पद्धती दोन आहेत आणि त्या एकमेकींची जागा घेऊ शकतातच असं नाही.

एकीत जुना पाईप जागेवरच राहतो आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटून नवा पाईप तयार होतो. हे लायनिंग. दुसरीत जुना पाईप आतून फोडतात, तुकडे आजूबाजूच्या मातीत रेटतात आणि मागोमाग नवा पाईप ओढून घेतात. हे बर्स्टिंग. दोन्हींत जुन्याच वाटेवर सांधे नसलेला पाईप मिळतो, मुळांना शिरायला फट उरत नाही, आणि अंगण, फरशी, झाडं बऱ्यापैकी वाचतात. म्हणून कोटेशनच्या कागदावर दोन्ही कामं सारखीच वाटतात. पण लायनिंग जुन्या पाईपच्या आकारावर विसंबून असतं आणि बर्स्टिंग पाईपभोवतीच्या मातीवर. मला विचाराल तर निवडीचा सगळा निकाल या एका फरकावर लागतो.

लायनिंगमध्ये आत जाते ती पाईप नव्हे, फेल्टची, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाची, लांबच लांब पिशवी. तिच्या एका बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो. तिच्यात इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे नंतर कडक होणारा चिकट द्रव, ओतून, आतली हवा ओढून घेऊन, रोलरखालून काढतात, म्हणजे कापड सगळीकडे सारखं भिजतं. मग पिशवीचं तोंड मोज्यासारखं उलटं करून यंत्राच्या नळकांड्यावर आवळतात आणि मागून हवेचा किंवा पाण्याचा दाब देतात. पिशवी स्वतःला उलटी करत करत पाईपमधून पुढे सरकते. आतली ओली बाजू बाहेर येऊन जुन्या पाईपवर दाबली जाते आणि प्लास्टिकची बाजू आत राहते. यात पिशवी पाईपच्या अंगावरून घासत जात नाही, जागच्या जागी उलगडत जाते, म्हणून रेझिन खरवडलं जात नाही आणि वळणंही पार होतात. कधी उलटी न करता पिशवी नुसती ओढून नेतात आणि आतला फुगा फुगवून ती पाईपला चिकटवतात. रेझिन कडक झालं की नवा पाईप तयार. त्यासाठी काही तास नुसतं थांबतात किंवा गरम पाणी अथवा वाफ सोडतात. काचतंतूचं लायनर असेल तर त्यातून अतिनील दिव्यांची माळ फिरवतात.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागातल्या एका जुन्या, विटांच्या गटारात एरिक वुड या इंग्रज माणसाने ती पहिल्यांदा वापरली.

यात कामगाराला वेळेशी झगडावं लागतं. रेझिन एकदा कालवलं की घड्याळ सुरू होतं, आणि उन्हाच्या दिवसांत ते जास्तच वेगाने पळतं. पिशवी अर्ध्यात अडकली आणि रेझिन तिथेच कडक झालं, तर न खोदता व्हायचं काम खोदूनच निस्तरावं लागतं. म्हणून अनुभवी टोळी आधी पाईप साफ करण्यात जास्त वेळ घालवते. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने गाळ आणि चरबी काढायची, मुळं कापायची, बिडाच्या पाईपमधले गंजाचे पापुद्रे साखळीने झोडून काढायचे आणि पुन्हा कॅमेरा घालून बघायचं. साफसफाईला अर्धा तास लिहिलेलं कोटेशन दिसलं, तर मी तरी पुढचं वाचणार नाही.

आता आकाराबद्दल. लायनर हा जुन्या पोकळीचा हुबेहूब ठसा असतो. तडा असेल तर तो झाकतो, छोटी भोकं बुजवतो, एखादा तुकडा निखळलेला असेल तरी पूल बांधल्यासारखा वरून जातो. पण पाईप दबून त्याचा गोल छेद लांबट झाला असेल, तर नवा पाईपही तसाच लांबट होतो. दोन पाईप सांध्यापाशी सरकून पायरी झाली असेल, तर ती पायरी लायनरच्या आतूनही जाणवते. काटकोनी बेंडमध्ये आतल्या बाजूला कापडाला चुण्या पडतात, आणि मोठ्या चुणीवर पुढे कागद अडकायला लागतो. व्यासही थोडा घटतो. १०० मिलिमीटरच्या पाईपमध्ये ३ मिलिमीटर जाडीचं लायनर टाकलं, तर ९४ मिलिमीटर उरतात, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी कमी. हे ऐकून लोक दचकतात, पण नवा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, सांधे नसतात, त्यामुळे घरगुती वापरात वाहण्यात सहसा फरक पडत नाही. जुना पाईप मुळातच लहान पडत असेल, तर मात्र लायनिंगने ते दुखणं जाणार नाही.

आणखी दोन गोष्टी घरमालकाला सहसा कुणी सांगत नाही. वाटेत स्वयंपाकघराची किंवा दुसऱ्या बाथरूमची लाइन येऊन मिळत असेल, तर लायनर तिचं तोंड बंद करून टाकतं. ते आतून कटरने पुन्हा उघडावं लागतं, आणि कापलेली कड ओबडधोबड राहिली तर कचरा तिथेच साचायला लागतो. म्हणून कुठून काय येऊन मिळतं, हे काम सुरू होण्याआधी प्रत्येक नळ सोडून तपासलेलं असावं. दुसरी गोष्ट टोकांची. लायनर आणि जुना पाईप यांच्यात केसाएवढी फट राहू शकते. चेंबरच्या तोंडाशी ती नीट बंद केली नाही, तर जमिनीतलं पाणी तिच्यातून झिरपत येतं आणि मुळंही त्याच वाटेने येऊ शकतात. पाणी लागलं की फुगणाऱ्या रबराच्या रिंगा याचसाठी बसवतात.

वासाचं म्हणाल तर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या रसायनाचा उग्र दर्प पाईपमधून घरात येऊ शकतो. काम सुरू होण्याआधी सगळ्या नहाणीट्रॅपमध्ये पाणी भरून ठेवायचं आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. इपॉक्सीत स्टायरीन नसतं.

बर्स्टिंगला हे नखरे नाहीत. मूळ पद्धत ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस जमिनीखालच्या लहान बिडाच्या गॅसवाहिन्या बदलण्यासाठी निघाली. सांडपाण्याच्या पाईपना ती नंतर लावली गेली. लाइनच्या दोन टोकांना दोन खड्डे घेतात. एका खड्ड्यात ओढणारं हायड्रॉलिक यंत्र बसतं. जुन्या पाईपमधून पोलादी दोर किंवा सळया ओवून दुसऱ्या खड्ड्यात काढतात आणि तिथे त्यांना शंकूच्या आकाराचं पोलादी डोकं जोडतात. त्या डोक्यामागे एचडीपीई या चिवट प्लास्टिकचा नवा पाईप असतो. त्याचे तुकडे आधीच जमिनीवर तोंडाला तोंड लावून, वितळवून एकसंध केलेले असतात. यंत्र ओढायला लागलं की डोकं जुन्या पाईपपेक्षा जाड असल्यामुळे तो फुटतो, तुकडे चहूकडे मातीत दाबले जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवा पाईप येत जातो.

जुना पाईप दबला आहे, लांबट झाला आहे, ठिकठिकाणी फुटला आहे, याने इथे काही अडत नाही. दोर पार गेला म्हणजे झालं. शिवाय नवा पाईप जुन्यापेक्षा मोठा घेता येतो. १०० च्या जागी १५० मिलिमीटर, हे लायनिंगला जमणारच नाही. भाजलेल्या मातीचा, सिमेंटचा, बिडाचा पाईप चटकन फुटतो. पोलाद किंवा डक्टाइल आयर्न (न तडकणारं, चिवट बीड) मात्र फुटत नाही, ते चिरावं लागतं. त्यासाठी पातं असलेलं वेगळं डोकं लागतं. जुन्या दुरुस्तीत कुणी पोलादी पट्टा आवळून ठेवला असेल, तर तिथे काम अडून बसू शकतं.

पण फुटलेल्या पाईपचे तुकडे आणि हललेली माती कुठेतरी जाणारच. लाइन उथळ असेल, तर वरची फरशी उचलली जाते. शेजारून पाण्याचा किंवा गॅसचा पाईप जात असेल, तर दाब त्याच्यावर येतो, म्हणून तो आधी शोधून, उघडा करून ठेवावा लागतो. जुना पाईप काँक्रीटमध्ये गाडलेला असेल, तर माती बाजूला सरणार नाही आणि बर्स्टिंगचा विचारच सोडून द्यावा. घराच्या खाली, जोत्याच्या आत मी बर्स्टिंग सुचवणार नाही. ती जागा लायनिंगची. वळणंही बर्स्टिंगला चालत नाहीत, प्रत्येक मोठ्या बेंडपाशी खड्डा घ्यावा लागतो. मध्ये मिळणाऱ्या उपलाइन तर फुटूनच जातात, त्या प्रत्येक ठिकाणी खोदून पुन्हा जोडाव्या लागतात. लांब, सरळ, उपलाइन नसलेल्या टप्प्यात बर्स्टिंगसारखं दुसरं काम नाही. दर दोन-तीन मीटरवर काहीतरी येऊन मिळत असेल, तर खड्डे मोजता मोजता तुम्ही उघड्या खोदाईपर्यंत पोहोचता.

एका दुखण्यावर दोन्हींचा उपयोग नाही, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त वेळा लपवलं जातं. ते म्हणजे बिघडलेला उतार. १:५० उताराची लाइन दर १० मीटरला २० सेंटिमीटर खाली जायला हवी. खालची माती बसली की मध्येच पाईपला पोट सुटतं. तिथे पाणी साचतं, गाळ बसतो आणि काही महिन्यांत लाइन पुन्हा तुंबते. कॅमेऱ्यात हे ओळखणं सोपं आहे. एरवी तळाशी पाण्याची बारीक धार दिसत असते. पोटापाशी आलं की पाणी हळूहळू चढतं, भिंग बुडतं, पडदा गढूळ होतो, आणि काही अंतर पुढे गेल्यावर भिंग परत वर येतं. लायनर ते पोट जसंच्या तसं उतरवून घेतं. बर्स्टिंगचं डोकंही जुन्या पाईपच्याच वाटेने जातं, फार तर थोडं सावरून घेतं. तेवढा तुकडा उकरून, उताराला लावून पुन्हा टाकावा लागतो. बाकी लाइनला लायनिंग आणि तेवढ्या दोन मीटरला खोदाई, असा प्रस्ताव देणारा माणूस मला दोन्ही टोकाच्या बाता मारणाऱ्यांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. पाईप पूर्ण कोसळून वाटच बंद झाली असेल, तर तिथेही हेच. पिशवी जाणार नाही आणि दोरही जाणार नाही.

म्हणून चित्रफीत स्वतः बघा, पडद्यावर अंतराचा आकडा दिसत असेल अशीच मागा आणि तिची प्रत ठेवून घ्या. खड्डे किती आणि कुठे, कुठल्या उपलाइन कशा उघडणार किंवा जोडणार, टोकं कशी बंद करणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. बर्स्टिंगचा पाईप ओढताना थोडा ताणला जातो आणि नंतर आक्रसतो, तेव्हा दोन्ही टोकं लगेच कापून जोडायची घाई करू देऊ नका. लायनिंग केलेल्या लाइनमध्ये पुढे कधी चोकअप झालाच, तर येणाऱ्या प्लंबरला आत लायनर आहे हे आधी सांगा. मुळं कापायचं दातेरी पातं किंवा साखळी फिरवली, तर ते सोलून निघेल.