बोटीत पाणी येतंय? आधी भोक शोधू, मग ठिगळ लावू

कृष्णेचं पाणी चढायला लागलं, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी 40 फुटांच्या इशारा रेषेकडे सरकली, की आमचे फोन सुरू होतात. "बोट बाहेर काढली, तळाला पाणी येतंय, आज करून द्या." आज होत नाही. का, ते सांगायलाच हे पत्रक.

2005, 2019, 2021 चे पूर पाहिलेल्या गावांना बोट कशाला लागते हे आम्ही काय सांगावं! पण वर्षातले दहा-अकरा महिने ती समाजमंदिरामागं उन्हात पडून असते, आणि आठवण येते ती पाणी वेशीला लागल्यावर.

पाणी दिसतं तिथंच भोक असतं असं नाही. बऱ्याच फायबर बोटींना आत दुसरा तळ असतो, शिरलेलं पाणी त्याखालून फिरतं. मागच्या उन्हाळ्यात एका गावची बोट आली, पोटाला तीन ठिगळं मारलेली. नावाडी म्हणाला, "रिकामी असताना थेंब येत नाही, माणसं बसली की येतंय." तिथंच कळलं. मागच्या फळीवरची दोराची कडी कधीच तुटली होती, स्क्रूचं भोक राहिलं होतं. वजनानं बोट मागं दबली की ते भोक पाण्याखाली जायचं.

शोधताना आम्ही बोट पाण्यात घालत नाही, पाणी बोटीत घालतो. बाहेरून कोरडी पुसायची, आत चार इंच पाणी भरायचं, नाक उचलून ते मागं घ्यायचं आणि कुठं ओल फुटते ते बघून खडूनं खूण करायची. दहा फुटी बोटीत एवढं पाणी तीनशे किलोच्या आसपास भरतं, म्हणून तळाला सगळीकडून टेकू हवा. नाहीतर तपासणीतच नवा तडा! हवेच्या बंद कप्प्यांना बाहेरून साबणाचं पाणी लावून आत ब्लोअरची हलकी हवा सोडतो. घरी कॉम्प्रेसर लावू नका, जोड उकलतात.

रंगाच्या थरावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगांना घाबरू नका, बहुतेक वरवरच्या असतात. रुपयाचं नाणं वाजवून बघा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत थर सुटलेत. इंजिनच्या बोल्टाशेजारून तपकिरी पाणी ठिबकत असेल तर मागच्या फळीतलं प्लायवूड कुजलंय. ते काम मोठं, आधीच सांगतो.

दुरुस्तीत खरा वेळ जातो वाळवण्यात. ओल्या फायबरवर रेझिन, म्हणजे थर चिकटवणारं पातळ रसायन, धरत नाही. मग भोकाभोवती घासून उतार काढावा लागतो, जाडीच्या बारापट. म्हणजे 5 मिलिमीटरच्या तळाला चहूबाजूंनी 60 मिलिमीटर. एवढ्याशा भोकाला एवढं मोठं ठिगळ का, असं सगळे विचारतात, ते यामुळं. अ‍ॅसिटोननं पुसून मॅट (काचतंतूंची चादर) आणि रेझिनचे थर चढवतो, शेवटी जेलकोट, म्हणजे वरचा रंगाचा थर.

एक विनंती. सिलिकॉन किंवा डांबर फासू नका. लाकडी नावेला डांबर चालतं, फायबरवर मात्र ते पुरतं खरवडून काढल्याशिवाय आमचं रेझिन चिकटत नाही, आणि त्या खरवडण्याची मजुरी तुम्हालाच पडते.

बोट मार्च ते मेमध्ये आणा. आणि येताना तिचं पाणी काढायच्या भोकाचं बूच बरोबर आणा. कितीदा तरी बोटीला काही झालेलं नसतं, बुचाचं रबर तेवढं कडक होऊन चिरलेलं असतं.