अंतर-काल आलेख

गतिमान वस्तूने कापलेले अंतर, किंवा एखाद्या ठरावीक ठिकाणापासूनचे तिचे अंतर, काळानुसार कसे बदलत गेले हे दाखवणारा आलेख. काल आडव्या क्ष-अक्षावर आणि अंतर उभ्या य-अक्षावर घेण्याचा प्रघात आहे. रेषेचा चढ, म्हणजे अंतरातील बदलाला त्यासाठी लागलेल्या काळाने भागून येणारी संख्या, ही वस्तूची चाल होय. तिरपी सरळ रेषा एकसमान चाल दाखवते, काल-अक्षाला समांतर रेषा वस्तू थांबल्याचे सांगते, तर पूर्ण उभी रेषा प्रत्यक्षात येऊच शकत नाही, कारण तिचा अर्थ शून्य वेळात अंतर कापले असा होईल. रेषा वक्र असल्यास चाल बदलती असते आणि एखाद्या क्षणाची चाल स्पर्शिकेच्या, म्हणजे त्या बिंदूपाशी वक्राला केवळ स्पर्शून जाणाऱ्या सरळ रेषेच्या, चढावरून मिळते.

शिकणाऱ्यांचा सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे या रेषेला रस्त्याचे चित्र समजणे, आणि डोंगर-घाटांच्या कोकणात त्याला पुरेपूर वाव आहे. कशेडी घाट चढणाऱ्या मालट्रकची रेषा चढावर उभी होत नाही, उलट पसरट होते, कारण ट्रक तेथे मंदावतो. सपाटीला लागून त्याने चाल धरली, की ती उभारते. घाटातील वळणे तर आलेखात उमटतच नाहीत.

समजा, चिपळूणहून गुहागरकडे निघालेल्या एस.टी.ने पहिले १५ कि.मी. ३० मिनिटांत कापले, वाटेत ती १० मिनिटे थांबली आणि उरलेले ३० कि.मी. तिने ५० मिनिटांत पार केले. पहिल्या टप्प्याची चाल ताशी ३० कि.मी. आणि शेवटच्या टप्प्याची ताशी ३६ कि.मी. येते. या दोहोंची सरासरी काढून ३३ हे उत्तर देण्याचा मोह होतो, पण ते चूक आहे. सरासरी चाल आलेखाचा आरंभ आणि शेवट जोडणाऱ्या रेषेच्या चढाइतकी, म्हणजे ९० मिनिटांत ४५ कि.मी., अर्थात ताशी ३० कि.मी. असते, थांबलेला वेळही तीत मोजला जातो.

उभ्या अक्षावर नेमके कोणते अंतर घेतले आहे, हे आधी पाहावे लागते. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीच्या खाडीत ये-जा करणाऱ्या फेरीबोटीने कापलेले एकूण अंतर कधीच घटत नाही. तेच अंतर दाभोळच्या धक्क्यापासून मोजले, तर परतीच्या फेरीत रेषा खाली येते. ही उतरती रेषा बोट मंदावल्याचे लक्षण नव्हे, ती माघारी निघाल्याचे आहे.

या आलेखाचा खरा कस रेल्वेत लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिस-ल्यों मार्गावरील गाड्यांचे वेळापत्रक अशा तिरप्या रेषांनी मांडलेले प्रसिद्ध केले. भारतीय रेल्वेच्या नियंत्रण कक्षांतील तक्ताही याच तत्त्वावर चालतो : उभ्या अक्षावर स्थानके, आडव्या अक्षावर वेळ आणि प्रत्येक गाडीची एक रेषा. रोहा ते ठोकूर हा ७४१ कि.मी.चा कोकण रेल्वेमार्ग बहुतांश एकेरी असल्याने समोरासमोरच्या गाड्यांच्या रेषा जेथे छेदतात, तो बिंदू क्रॉसिंगची, म्हणजे दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडून जाण्याची, सोय असलेल्या स्थानकाच्या आडव्या रेषेवरच पडावा लागतो. उक्षी आणि भोके या स्थानकांदरम्यानच्या, सुमारे ६.५ कि.मी. लांबीच्या करबुडे बोगद्यात असा छेद चालणार नाही. म्हणून एक गाडी आधीच्या स्थानकावर थांबवून ठेवतात आणि तेवढा वेळ तिची रेषा आडवी राहते. प्रवाशाला कंटाळवाणा वाटणारा हा थांबा तक्त्यात मुद्दाम आखलेला असतो. पावसाळी वेळापत्रकात दरडींच्या धोक्यामुळे गाड्यांची चाल कमी केली जाते, तेव्हा सर्वच रेषा अधिक आडव्या होतात, त्यांचे छेदबिंदू सरकतात आणि क्रॉसिंगची स्थानके नव्याने ठरवावी लागतात.