खोकल्याच्या पेशंटला ईसीजी कशाला?

वर्षानुवर्षं खोकला, कफ आणि धाप सोबत घेऊन जगणारा माणूस छातीच्या डॉक्टरकडे जातो. डॉक्टर पंप लिहून देतात आणि जाता जाता ईसीजी, टूडी-एको काढून आणायला सांगतात. घरच्यांना हा जादाचा खर्च वाटतो. दुखणं फुप्फुसाचं, मग हृदयाची तपासणी कशाला? शंका रास्त आहे. वैद्यकशास्त्रालाही या दोहोंची सांगड घालायला बराच काळ लागला, कारण मधला दुवा रोग्याच्या शरीराबाहेर, हवेत होता.

डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या खोऱ्यात दाट धुकं साचलं आणि कारखान्यांचा धूर त्याखाली कोंडला. काही दिवसांत साठाहून अधिक माणसं गेली. त्यांत वयस्कर आणि आधीच हृदयाचं किंवा छातीचं दुखणं असलेले बरेच होते. चौकशी करणाऱ्या फिर्केट यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं, की असंच लंडनमध्ये घडलं तर ३,२०० माणसं दगावतील. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डोनोरा या गावात जस्त आणि पोलादाच्या कारखान्यांच्या धुराने वीस जणांचा बळी घेतला.

मग ५ ते ९ डिसेंबर १९५२. लंडनवर कोळशाच्या धुराची आणि धुक्याची गोधडी पसरली. सरकारी हिशेबात सुमारे ४,००० मृत्यू जास्तीचे धरले गेले. पुढे फेरमोजणी करणाऱ्यांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. फिर्केट यांचा अंदाज कमीच पडला म्हणायचा. मृतांत मुख्यतः जुनाट ब्राँकायटिसचे (श्वासनलिकांच्या दीर्घकाळच्या दाहाचे) म्हातारे होते, पण हृदयरोगीही कमी नव्हते. ब्रिटनमध्ये ब्राँकायटिस इतका घरोघरी होता की त्याला ‘इंग्रजांचा रोग’ म्हणत, त्यामुळे सगळी चर्चा फुप्फुसांभोवतीच फिरली. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. पॅट्रिक लॉथर या ब्रिटिश डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर ब्राँकायटिसच्या रोग्यांना चक्क रोजनिशा दिल्या: आज कालच्यापेक्षा बरं वाटतंय, तसंच आहे की जास्त त्रास आहे, एवढंच लिहायचं. धूर आणि सल्फर डायऑक्साइड वाढला की ‘जास्त त्रास’ लिहिणारेही वाढत. इतक्या स्वस्तात इतकं चांगलं संशोधन क्वचितच झालं असेल. पण त्या रोजनिशीत नाडी आणि रक्तदाबाला रकाना नव्हता.

याच सुमारास दिल्लीत मात्र एका हृदयरोगतज्ज्ञाने उलट्या टोकाकडून सुरुवात केली होती. लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात डॉ. एस. पद्मावती यांच्याकडे हृदय थकलेले रोगी येत: पायांवर सूज, मानेच्या शिरा फुगलेल्या, ओठ निळसर. यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या नव्हत्या की झडपाही बिघडलेल्या नव्हत्या. बिघाड फुप्फुसात सुरू झाला होता. फुप्फुसाच्या ज्या भागात प्राणवायू कमी पडतो तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. ही गोष्ट स्वीडनमधल्या फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवली होती. ही युक्ती एरवी उपयोगी, कारण रक्त चांगल्या भागाकडे वळतं. पण सगळं फुप्फुसच खराब झालं असेल तर सगळ्याच वाहिन्या आकसतात, दाब वाढतो, आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू आधी जाड होते, मग फुगते, मग हार मानते. या विकाराला ‘कॉर पल्मोनाले’ म्हणतात.

डॉ. पद्मावती यांनी १९५९ मध्ये अशा १२७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या या कामात चक्रावून टाकणारी गोष्ट होती ती बायकांची संख्या. पाश्चात्त्य पुस्तकांत हा सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार. दिल्लीत पुरुषांच्या बरोबरीने बायका, आणि त्यांतल्या बहुतेकींनी विडीला हात लावलेला नाही. मग धूर कुठला? गोवऱ्या आणि लाकडं जाळणाऱ्या चुलीचा. फुंकणीने जाळ फुंकत वर्षानुवर्षं घेतलेला. मला वाटतं या विषयाच्या इतिहासात हे पान हवं तेवढं वाचलं गेलेलं नाही. घरातला धूर, फुप्फुस आणि हृदय अशी तीनही टोकं भारतात एका बाईने सत्तरएक वर्षांपूर्वी एकत्र आणली होती. चुलीऐवजी गॅस देणारी सरकारी उज्ज्वला योजना यायला पुढे अनेक दशकं गेली. ती २०१६ ची.

मुंबईतही काम झालं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कमी-जास्त प्रदूषणाच्या वस्त्या आणि तुलनेला एक ग्रामीण भाग असे चार हजारांहून अधिक लोक तपासले. लालबागला तेव्हा गिरण्यांची धुराडी होती, चेंबूरला कारखाने. जिथे सल्फर डायऑक्साइड जास्त तिथे खोकला आणि धाप जास्त, हे अपेक्षितच. पण जुनाट ब्राँकायटिस गावातही शहरापेक्षा कमी नव्हता. गावची हवा शुद्ध असं आपण सहज म्हणून जातो, तेव्हा चूल मोजत नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या सहा शहरांच्या अभ्यासाने चित्र पालटलं. ८,१११ लोकांवर चौदा ते सोळा वर्षं नजर ठेवली होती. त्यांतल्या सर्वांत प्रदूषित, ओहायोतल्या स्टूबेनव्हिलमध्ये, सर्वांत स्वच्छ अशा विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेजपेक्षा मृत्यूचं प्रमाण २६ टक्के जास्त निघालं, आणि नातं सर्वांत घट्ट होतं ते केसाच्या जाडीच्या अंशाएवढ्या सूक्ष्म धूलिकणांशी. पुढे अधिक मोठ्या अभ्यासात दिसलं, की धूलिकणांचा संबंध फुप्फुसांच्या विकाराने झालेल्या मृत्यूंपेक्षा हृदयविकाराच्या मृत्यूंशी जास्त स्पष्ट आहे. नाकातून जाणारी गोष्ट हृदयाला कशी लागते? १९९५ मध्ये अँथनी सीटन या ब्रिटिश डॉक्टरांनी सुचवलं, की अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या वायुकोशांत दाह निर्माण करतात आणि त्याचा परिणाम म्हणून रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते.

आता हे सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद झालेल्या, जुनाट खोकला-धापेच्या रोग्याला लावून पाहा. त्याच्या छातीत दाह आधीचाच आहे. त्यात हवेतल्या कणांची भर. बार्सिलोनात १९९० च्या दशकात अशा रोग्यांच्या मृत्यूंचे दिवस हवेच्या नोंदींशी ताडून पाहिले, तर हवेत काजळी जास्त असताना धोका वाढलेला दिसला. २००७ च्या सुमारास सीओपीडीच्या सहा हजारांवर रोग्यांच्या एका औषधचाचणीत डॉक्टरांच्या समितीने प्रत्येक मृत्यूचं कारण तपासलं: ३५ टक्के श्वसनाचे विकार, आणि २७ टक्के हृदय व रक्तवाहिन्यांचे. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हार्ट अटॅक’ लिहिलेला माणूस हयातभर पंप घेणारा असू शकतो.

सर्वांत सोपा प्रयोग लंडनचाच. साठीपुढच्या ११९ जणांना, त्यांतल्या ४० सीओपीडीच्या रोग्यांना, एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा डिझेलच्या बस-टॅक्सींनी भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालवलं. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. बागेत चालल्यावर श्वास सुधारला, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा उतरला. रस्त्यावर तो फायदा बराचसा धुऊन निघाला, सीओपीडीवाल्यांचा खोकला, कफ, घरघर वाढली. ‘रोज चालत जा’ असं सांगताना कुठे चालायचं हेही सांगायला हवं.

घरातल्या हवेवरचा ताजा अभ्यास बाल्टिमोरचा. सिगारेट सोडलेल्या सीओपीडीच्या रोग्यांच्या घरात काहींना खरा, काहींना जाळी काढलेला एअर प्युरिफायर दिला. घरातले धूलिकण वाढले की हृदयाच्या ठोक्यांमधला निरोगी चढउतार कमी होत होता, म्हणजे हृदयावरचा मज्जासंस्थेचा ताबा सैल पडत होता. खऱ्या यंत्राच्या घरांत त्याचं एक माप सुधारलं. अभ्यासात जेमतेम ८५ माणसं होती, तेव्हा लगेच दुकानात धावण्याचं कारण नाही.

आपल्याकडे चोवीस तासांसाठी सूक्ष्म धूलिकणांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. आपल्या हवा निर्देशांकात ६० पर्यंतची हवा ‘समाधानकारक’ गटात बसते. त्यापुढच्या ‘मध्यम’ गटासमोर सूचना आहे: फुप्फुसाचा आजार असलेल्यांना श्वसनाचा, आणि हृदयरोग्यांना, मुलांना, वृद्धांना त्रास होऊ शकतो. तक्त्यात हे दोन वेगळे रोगी आहेत. ईसीजीची चिठ्ठी घेऊन दवाखान्याबाहेर पडलेला माणूस दोन्हींकडे मोडतो.