सशाचं कुरतडणं वेगळं, चिमटा वेगळा

"ससा कपडे खातो, काय करू?" असं कुणी विचारलं की दहातली नऊ माणसं एकच सांगतात: दात शिवशिवत असतील, चघळायला काहीतरी द्या. विचारणारा बिचारा बांबूची टोपली आणून ठेवतो. ससा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि पुन्हा येऊन पायजम्याची कड ओढतो. मग "आमचा ससा फार हट्टी आहे" अशी तक्रार सुरू. हे ऐकून ऐकून माझे कान किटले.

कुरतडणं तुम्हाला ठाऊकच आहे. सशाचे सगळे दात जन्मभर वाढतात, त्याला दिवसभर सुकं गवत चावायला लागतं, ते कमी पडलं की पडदा आणि चादर आहेच. पडदे वर बांधा, गवत भरपूर ठेवा. आपल्या गोव्यातल्या पावसात ते हां हां म्हणता कुबट होतं, म्हणून कोरडं असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. बुरशी दिसली तर फेकून द्या, चतकोरही वाचवायला जाऊ नका. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे कापड पोटात गेलं आणि दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद झाल्या तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. मादी तोंडात चिंध्या आणि गवत धरून कोपऱ्यात नेत असेल तर ती घरटं करते आहे, त्याचा दातांशी संबंध नाही. झालं कुरतडणं.

घोळ होतो तो चिमट्याचा. चिमटा म्हणजे अंगावरच्या कपड्याला पुढच्या दातांनी धरून दिलेला हिसका. ओळखायचं कसं? तोच शर्ट काढून जमिनीवर टाका आणि खोलीबाहेर जा. कुरतडणारा ससा शर्टाला भोक पाडेल. चिमटे काढणारा त्याच्यावरून उडी मारून तुमच्या मागे येईल, कारण त्याला कापड नकोच होतं, तुम्ही हवे होता. कापडही सांगतं: कुरतडलेल्या जागी कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ खाच असते आणि तुकडा गायब, चिमट्याच्या जागी ओली चुरगळलेली चुणी, फार तर एखादं बारीक भोक.

आमच्या फोंड्याच्या घरी उंडो नावाचा ससा आहे. उंडो म्हणजे आपल्या गोव्यातला गोल पाव; हाही तसाच गोल, म्हणून उंडो. संध्याकाळी पाचला त्याला अंगणात सोडतो, तुळशीजवळची हरळी खायला. त्याच वेळी आजी बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) दारात खुर्ची टाकून अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) निवडत बसायची आणि तो रोज तिच्या लुगड्याला दात लावायचा. महिनाभर आम्ही त्याच्यापुढे नाना प्रकारच्या काड्या टाकत होतो. एक दिवस मी नुसती बसून बघितलं. तो आला, आजीच्या घोट्याला नाक लावलं. आजीला पत्ता नाही. पुन्हा नाक, या वेळी जरा जोरात. आजी अळसांद्यांत. तिसऱ्या वेळी चिमटा. "मेल्या, लुगडं फाडशील!" म्हणत आजीने पाय बाजूला घेतला आणि उंडो मोकळ्या वाटेने आरामात अंगणात गेला.

म्हणजे नाकाने विचारलं तर कोणी हलत नाही, दात लावला की वाट मिळते. हा धडा आम्हीच त्याला महिनाभर दिला होता.

उपाय इथून सुरू होतो: नाकाला उत्तर द्या, दाताला देऊ नका. नाक लागलं की लगेच, दोन सेकंदांच्या आत, पाय हलवा किंवा कपाळ कुरवाळा. चिमटा बसलाच तर एकदाच बारीक आणि तीव्र "ई!" करा, दुखल्यावर ससा असाच किंचाळतो, त्यामुळे त्याला ते कळतं. मग पाय तिथेच ठेवा. ढकलायचं नाही, पाठलाग नाही, बोलणंही नाही. तो थांबतो, जरा गोंधळतो, पुन्हा नाक लावतो. त्याच क्षणी वाट द्या. आम्हाला तीन आठवडे लागले.

एक चिमटा याहून प्रेमाचा असतो. मांडीवर बसून तो हात चाटतो आणि चाटता चाटता शिवण किंवा बटण भरभर चावायला लागतो, डोळे अर्धे मिटलेले. दोन ससे एकमेकांचे केस असेच साफ करतात. त्यावर ओरडू नका, मध्ये टॉवेल सरकवा. आणि कान मागे चपटे, घशातून गुरगुर, अंगावर झेप, हा खराच चावा. बहुतेकदा पिंजऱ्यात हात घातल्यावर दिसतो. नसबंदी झाली नसेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आता मला चीड येणारे सल्ले. नाकावर टिचकी मारा म्हणतात. अहो, नाकानेच तर तो सभ्यपणे विचारत होता! तिथेच मारलंत तर उरले दात. तोंडावर पाण्याचा फवारा मारला की तो कपड्याला नाही, तुम्हालाच घाबरायला शिकतो. कपड्यांना कडुनिंबाचं तेल लावणाऱ्यांनी ते कपडे घालून कचेरीत जाऊन दाखवावं. आणि चिमटा बसल्यावर गप्प करायला गाजर देणं म्हणजे चिमट्याचा पगार.

आजी आता वर न बघताच नाक लागलं की पाय उचलते. बाबांच्या लुंगीला मात्र अजून चिमटे बसतात, कारण "भूक लागली असेल त्याला" म्हणत ते प्रत्येक वेळी कोथिंबिरीची काडी काढून देतात.