पोट भरलं की ससा पळाला?

‘तू-च पाओ ल’ म्हणजे पोट भरलं. ‘थू-च फाओ ल’ म्हणजे ससा पळाला. (दोन्हींतला च ‘चमचा’तला.) मँडरिन चिनीतली ही दोन वाक्यं सुरांसकट सारखी आहेत. फरक आहे तो फक्त त-थ आणि प-फ यांचा. इंग्रजी बोलणाऱ्याला तो पकडायला मेहनत पडते. आपण मात्र तो बाराखडीबरोबरच शिकलेलो असतो.

तरीही ऑनलाइन धडे उघडून स्वतःच्या सवडीनं चिनी शिकू लागलेला मराठी माणूस नेमका इथेच अडखळतो. कारण आहे पिनयिन, म्हणजे चीनने १९५८ साली स्वीकारलेली रोमन लेखनपद्धत. तिच्यात ‘पाओ’ची सुरुवात बी या अक्षराने होते आणि ‘फाओ’ची पी या अक्षराने. आपण ते वाचतो ‘बाओ’ आणि ‘पाओ’. अर्थभेद करणारे ब, द, ग हे घोष वर्ण मँडरिनमध्ये नाहीतच. चीनच्या राजधानीचं नावही ‘बीजिंग’पेक्षा ‘पेइचिंग’ला जवळचं आहे.

यामागचं शास्त्र मिलिसेकंदांत मोजता येतं. ‘ब’ म्हणताना ओठ उघडण्याआधीच स्वरतंतू कंप पावू लागतात. ‘प’ला ओठ उघडणं आणि कंप सुरू होणं जवळजवळ एकाच वेळी घडतं. ‘फ’ला आधी हवेचा झोत सुटतो, कंप मागून येतो. (हा फ ओठ मिटून म्हणायचा, ‘फॅन’मधला नव्हे.) लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली अकरा भाषांमध्ये हे अंतर मोजलं. त्यांत चिनी कुळातली कँटनीज होती आणि आपली मराठीही होती. इंग्रजीत शब्दारंभीच्या बी अक्षराचा कंप बहुधा उशिरा, ‘प’सारखाच सुरू होतो, म्हणून पिनयिनची ही अक्षरं इंग्रजी कानाला फारशी खटकत नाहीत. आपल्याला ती चकवतात.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या धड्यापासून वहीत व्यंजनं देवनागरीत लिहावीत. पिनयिनच्या झेडसाठी तर ‘चमचा’तला च आयताच आहे. त्याचा महाप्राण जोडीदार, जो पिनयिनमध्ये सी या अक्षराने लिहितात, तो मराठीत नाही. तेवढा नव्याने शिकावा लागतो.

खरी कसोटी आहे सुरांची. ‘मा’ सपाट उंच सुरात म्हटलं तर आई, चढत्या सुरात ताग, खाली दबलेल्या सुरात घोडा, झपकन उतरत्या सुरात रागावणं. हे सूर ठरावीक पट्टीतले नसतात. गायकाने आपापला षड्ज धरावा तसं प्रत्येकाच्या आवाजाप्रमाणे ते वरखाली होतात. असे चढउतार आपणही करतोच. ‘आलास?’ विचारताना आवाज चढतो, ‘नाही!’ म्हणताना उतरतो. पण आपला कान त्यातून भाव ओळखतो, शब्दाचा अर्थ नाही. ही सवय मोडायला वेळ लागतो.

मात्र ती मोडते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ अमेरिकी विद्यार्थ्यांना दोन आठवड्यांत आठ सत्रं मँडरिनचे सूर ओळखायला शिकवले. अचूकता सरासरी २१ टक्क्यांनी वाढली आणि सहा महिन्यांनीही टिकून होती. पूर्वी कधी न ऐकलेल्या माणसांचे सूरही ते अधिक अचूक ओळखू लागले. सरावासाठी त्यांना वेगवेगळ्या व्यक्तींचे आवाज ऐकवले होते. मला यातलं हे सर्वांत मोलाचं वाटतं. एकाच शिक्षिकेचे धडे पाठ झाले की कान तिच्या आवाजाला सरावतो, सुराला सरावलाच असं नाही. धडे निवडताना त्यात बाई, पुरुष, मुलं असे किती आवाज आहेत ते आधी पाहावं. आणि सवडीनं शिकायचं म्हणून रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसावं.

बोलण्याचं काम अवघड, कारण ध्वनिमुद्रित धडा आपली चूक सांगत नाही. मोबाइलवर स्वतःचा आवाज मुद्रित करून मूळ आवाजाशेजारी लावून ऐकावा. सुरुवात पहिल्याच धड्यातल्या ‘नी हाओ’ने करता येईल. लिहिताना दोन्ही शब्दांवर तिसऱ्या, दबलेल्या सुराची खूण असते. पण असे दोन सूर लागोपाठ आले की पहिला बदलतो, आणि बोलताना ‘नी’ चढत जातो.