कर्करोगावर पोस्टडॉक ते स्वतःची लॅब: के-९९/आर-०० अर्जाची पात्रता, कागदपत्रं आणि तारखांचं गणित

पाषाण रस्त्यावरच्या आयसर-एनसीएलमधून किंवा गणेशखिंडीतल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून पीएचडी करायची आणि मग अमेरिकेत कर्करोगावर पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदावर, जायचं, हा रस्ता पुण्यात आता मळलेला आहे. पोस्टडॉकच्या पुढचा रस्ता मात्र फारसा कुणी समजावून सांगत नाही. गाइडच्या लॅबमधून उठून स्वतःची लॅब थाटायची तर हातात नोकरी लागते आणि पैसाही. नोकरी देणारं विद्यापीठ विचारतं, 'ग्रँट आहे का?' आणि ग्रँट देणारा विचारतो, 'नोकरी आहे का?' हा तिढा सोडवण्यासाठी अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने, २००६ मध्ये के-९९/आर-०० ही योजना काढली. कर्करोगाशी संबंधित अर्ज एनआयएचच्या छत्राखालच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटकडे, म्हणजे एनसीआयकडे जातात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे कुणाचा वेळ वाया जायला नको. पुण्यात बसून हा अर्ज करता येत नाही. अर्ज अमेरिकेतल्या संस्थेमार्फतच जातो आणि पुढची नोकरीही अमेरिकेतच घ्यावी लागते. पण उमेदवार अमेरिकेचा नागरिक असण्याची अट नाही, ग्रीनकार्डही लागत नाही. पोस्टडॉकसाठीच्या अमेरिकी सरकारी योजनांमध्ये ही सवलत फार कमी ठिकाणी आहे. एनसीआयचीच के-२२ योजना नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपुरती राहिलेली आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्यांनी के-९९ कडे जरा जास्तच लक्ष द्यावं.

योजना काय देते

दोन टप्पे आहेत. पहिला के-९९ चा, एक ते दोन वर्षांचा. यात तुम्ही गाइडकडेच राहता, पगार आणि थोडा संशोधनखर्च ग्रँटमधून मिळतो. पगाराची मर्यादा एनआयएचमधली प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. दुसरा टप्पा आर-०० चा, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. त्यात वर्षाला २,४९,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळते. आकडा मोठा वाटतो, पण तुमचा पगार, प्रयोगांचा खर्च आणि विद्यापीठाचा ओव्हरहेड, म्हणजे व्यवस्थापनखर्च, असं सगळं त्यातच बसवायचं असतं.

दुसरा टप्पा आपोआप सुरू होत नाही. पूर्णवेळ, टेन्युअर ट्रॅकवरची, म्हणजे पुढे कायम होऊ शकणारी, असिस्टंट प्रोफेसरची नोकरी मिळवायची, मग नव्या विद्यापीठाने आर-०० साठी वेगळा अर्ज भरायचा आणि एनसीआयने तो तपासायचा. तपासणीत बघतात ते मुख्यतः हे: कामाचा ७५ टक्के वेळ संशोधनाला राखून दिलाय का, जागा आणि स्टार्टअपचे, म्हणजे लॅब उभारायचे, पैसे इतर नव्या प्राध्यापकांइतकेच मिळताहेत का. 'यांच्याकडे आर-०० आहेच' म्हणून विद्यापीठाने हात आखडता घेतलेला चालत नाही. के-९९ चा काळ नोकरीशिवाय संपला तर दुसऱ्या टप्प्यावर पाणी सोडावं लागतं.

पात्रता: चार वर्षं कधीपासून मोजायची

डॉक्टरेट हवी आणि अर्जाच्या वेळी मेंटॉरच्या, म्हणजे गाइडच्या, हाताखालचं पोस्टडॉक पद हवं. आधीच स्वतंत्र प्राध्यापकपद मिळालेलं असेल तर अर्ज बाद. आणि पोस्टडॉक संशोधनाचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त नको. सगळ्यात जास्त गफलत होते ती इथेच.

ही चार वर्षं पीएचडीनंतरच्या संशोधनाची आहेत, अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासूनची नाहीत. आपल्याकडे व्हिसा येईपर्यंत जुन्याच लॅबमध्ये रिसर्च असोसिएट म्हणून सहा-आठ महिने काढणं अगदी सर्रास चालतं. ते महिनेही मोजले जातील असं धरूनच चाला. आणि चार वर्षांची अट फक्त पहिल्या अर्जाला लागू नाही. नाकारलेला अर्ज सुधारून पुन्हा पाठवताना, म्हणजे रिसबमिशनलाही ती लागते.

उदाहरण घेऊ. समजा, विद्यापीठाची पीएचडीची अधिसूचना डिसेंबर २०२४ मध्ये निघाली. जानेवारी २०२५ पासून पुण्यातच असोसिएट, सप्टेंबर २०२५ पासून ह्यूस्टनला पोस्टडॉक. उमेदवाराच्या मनातला हिशोब ऑगस्ट २०२९ पर्यंतचा असतो, खरा हिशोब डिसेंबर २०२८ ला संपतो. नव्या अर्जाच्या तारखा दरवर्षी १२ फेब्रुवारी, १२ जून, १२ ऑक्टोबर. रिसबमिशनच्या १२ मार्च, १२ जुलै, १२ नोव्हेंबर. वरवर पाहता १२ ऑक्टोबर २०२८ ही शेवटची संधी. पण जूनच्या अर्जांचं परीक्षण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतं. परीक्षकांचे शेरे हातात येऊन ते सुधारायला मार्च २०२९ उजाडतो, तोवर मुदत उलटलेली. फेब्रुवारीच्या अर्जाचं परीक्षण जून-जुलैमध्ये होतं, तो १२ नोव्हेंबरला पुन्हा पाठवता येतो. म्हणून या उमेदवाराची खरी शेवटची तारीख १२ फेब्रुवारी २०२८. पहिल्या फटक्यात ग्रँट मिळेल यावर भिस्त ठेवू नका. रिसबमिशनची जागा ठेवूनच उलटं मोजत या.

चार वर्षांच्या काळात बाळंतपण झालं असेल तर एक वर्षाची मुदतवाढ मागता येते. ती आपोआप धरली जात नाही, अर्जाआधी मागावी लागते. वैद्यकीय पदवीवाल्यांचा रेसिडेन्सीतला निव्वळ रुग्णसेवेचा काळ संशोधनात मोजत नाहीत. यापलीकडे तुमच्या तारखा चमत्कारिक असतील तर एनसीआयच्या प्रोग्रॅम ऑफिसरला सरळ ईमेल करा: पीएचडीची तारीख, प्रत्येक पदाची सुरुवात आणि शेवट, चार ओळी पुरतात. आपल्याकडे साहेबाला कसं विचारायचं म्हणून लोक कचरतात. तिकडे विचारणं हा प्रक्रियेचाच भाग आहे, आणि लेखी उत्तर जपून ठेवता येतं.

व्हिसा

जे-१ या देवाणघेवाण व्हिसावर असाल तर दोन गोष्टी बघा. एक, जे-१ संशोधक म्हणून टेन्युअर ट्रॅकची जागा घेता येत नाही, त्यामुळे आर-०० च्या वेळी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा दुसरा मार्ग लागतो. दोन, मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट. कोणत्या देशाला कोणती कौशल्यं हवीत याच्या अमेरिकी सरकारच्या 'कौशल्य यादी'मुळे ती अट भारतीयांना लागायची. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारताचं नाव वगळलं गेलं. सरकारी पैशावर गेलेल्यांना मात्र अट अजूनही लागू होऊ शकते. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात हे अर्जाच्या वर्षीच विचारून घ्या, नोकरीचं पत्र आल्यावर नव्हे.

कागदपत्रं

सगळ्यात आधी एनआयएचच्या ईआरए कॉमन्स प्रणालीवर तुमचं खातं हवं. ते संस्थेचं ग्रँट कार्यालय उघडून देतं. अर्जाचं बटणही तेच कार्यालय दाबतं, आणि त्याची आतली मुदत १२ तारखेच्या बरीच आधी असते. ती पहिल्याच दिवशी विचारून कॅलेंडरवर टाका.

अर्जाचं हृदय म्हणजे १२ पानं. त्यात उमेदवाराची माहिती, करिअरचा आराखडा आणि संशोधनाची योजना एकत्र मावायला हवी. त्याच्या आधी उद्दिष्टांचं एक पान वेगळं. जबाबदार संशोधनाच्या प्रशिक्षणाचं एक पान, संस्थेच्या वातावरणाचं एक, संस्थेच्या बांधिलकीचं सहीनिशी एक. मेंटॉर आणि सहमेंटॉरची निवेदनं मिळून सहा पानं. सारांश ३० ओळींचा. बायोस्केच, म्हणजे संक्षिप्त परिचय, ठरलेल्या नमुन्यात. अक्षर ११ पॉइंटपेक्षा लहान नको, समास अर्ध्या इंचाचा. जागा वाचवायला अक्षर बारीक केलेला अर्ज न वाचताच परत येऊ शकतो. क्लिनिकल ट्रायल असलेल्या आणि नसलेल्या प्रस्तावांच्या जाहिरातीही (एनआयएच अर्ज मागवते त्या) वेगळ्या असतात, चुकीच्या जाहिरातीखाली पाठवलं तरी तेच. मागच्या वर्षी मित्राने वापरलेली जाहिरात उचलू नका, चालू आहे तीच उघडा.

शिफारसपत्रं तीन ते पाच, प्रत्येकी दोन पानांपर्यंत. ती तुमच्या अर्जात जोडायची नसतात. शिफारस करणारी व्यक्ती ती थेट प्रणालीत चढवते, तीही अर्जाच्याच अंतिम तारखेपर्यंत. मेंटॉरचं पत्र यात धरत नाहीत. पुण्यातल्या पीएचडी गाइडचं एक पत्र जरूर घ्या, पण सरांना किंवा मॅडमना लिंक, तुमचा कॉमन्स आयडी आणि जाहिरातीचा क्रमांक महिनाभर आधी पाठवा. इथल्या अनेक ज्येष्ठांनी ती प्रणाली कधी उघडलेलीही नसते. अमेरिकेतली संध्याकाळी पाचची मुदत म्हणजे इथे दुसऱ्या दिवसाची पहाट, हेही सांगून ठेवा.

मेंटॉरच्या पत्रातला एक परिच्छेद

परीक्षक पाच गोष्टींवर १ ते ९ असे गुण देतात: उमेदवार, करिअरचा आराखडा, संशोधन, मेंटॉर, संस्था. कमी गुण म्हणजे चांगलं. विज्ञान चांगलं असूनही अर्ज घसरतो तो बहुधा एका प्रश्नावर: हे काम उमेदवाराचं आहे की गाइडचं?

वाटणी झाल्यावर सातबाऱ्यावर नाव वेगळं लागतं, तसंच इथे आहे. तोंडी 'घेऊन जा की' याला किंमत नाही. 'उमेदवाराला माझा पूर्ण पाठिंबा राहील' हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं आणि कुणाच्या कामी येत नाही. त्याऐवजी पत्रात साधारण असं हवं: 'केमोथेरपीला दाद न देणाऱ्या स्तनाच्या गाठींमधल्या मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींचं काम उमेदवार सोबत नेईल. माझी लॅब टी-पेशींवरच काम करत राहील. या कामासाठी तयार केलेल्या उंदरांच्या दोन्ही जाती आणि सेल लाइन उमेदवाराला नेता येतील. मॅक्रोफेजच्या प्रश्नावर माझी लॅब वेगळी ग्रँट मागणार नाही.' यातलं शेवटचं वाक्य मिळवणं सगळ्यात अवघड. आपल्या मुलांना गाइडशी असं बोलायला जीभ रेटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण जो गाइड हे लिहून द्यायला कां-कूं करतो, तो उद्या त्याच विषयात तुमचा स्पर्धक असू शकतो, आणि परीक्षकांनाही तेवढं कळतं.

करिअरच्या आराखड्यातही हीच नजर ठेवा. के-९९ ची दोन वर्षं गाइडकडे आणखी का थांबायचं, याचं उत्तर हवं. तुम्ही सगळंच शिकून बसला असाल तर प्रशिक्षणाचे पैसे कशाला? आणि शिकायचं खूपच बाकी असेल तर दोन वर्षांत लॅब कशी चालवणार? सिंगल-सेल माहितीचं विश्लेषण, उंदरांमधलं इमेजिंग, अशी एक-दोन नेमकी कौशल्यं, ती कुणाकडून आणि कोणत्या सहामाहीत शिकणार, इतकं बारीक लिहावं.

पुणेकरांना आणखी एक मोह होतो: इथल्या रुग्णालयातून तोंडाच्या कर्करोगाचे नमुने मागवायचे. कल्पना चांगली, कारण हा आजार आपल्याकडे खरोखरच मोठा आहे. पण भारतात होणारं महत्त्वाचं काम एनआयएचच्या भाषेत परदेशी घटक ठरतं आणि त्याची परवानगी वेगळी लागते. इकडेही रुग्णालयाची नैतिकता समिती आणि परदेशी सहकार्यासाठी आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती आहे. हे सगळं के-९९ च्या मुदतीत बसेलच असं नाही. मुख्य उद्दिष्ट त्याच्यावर टांगून ठेवू नका.

पुण्यालाच परत यायचं असेल तर

ही वाट वेगळी, आणि इथे घड्याळ वयाचं आहे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपला वयोमर्यादा ३२; महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ३५, दिव्यांगांसाठी ३७. महिना १,२५,००० रुपये आणि संशोधनाला वर्षाला ७ लाख, पाच वर्षं. रामानुजन फेलोशिप परदेशात काम करणाऱ्या भारतीय संशोधकांसाठी, वय ४० च्या आत. महिना १,३५,००० रुपये, वर्षाला ७ लाख संशोधनाला आणि ६०,००० ओव्हरहेड, मुदत पाच वर्षं. रामानुजनसाठी इथल्या यजमान संस्थेचं संमतीपत्र लागतं. ते मिळवायला आयसर, एनसीसीएस, आघारकर किंवा विद्यापीठाच्या विभागात सुट्टीत येऊन एक व्याख्यान देणं हा सगळ्यात सरळ मार्ग. दोन्ही फेलोशिप म्हणजे कायम नोकरी नव्हे; पाच वर्षांत जागा शोधावीच लागते.

नियमित जागेवर रुजू झाल्यावर अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचं, म्हणजे एएनआरएफचं, पंतप्रधान अर्ली करिअर संशोधन अनुदान आहे: तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, वयोमर्यादा ४२, महिला आणि राखीव प्रवर्गांना तीन वर्षांची सूट. रुजू होऊन फार काळ गेला की त्याची पात्रता संपते, म्हणून नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर लगेच चालू जाहिरात बघा. आणि रामानुजनचा अर्ज परदेशात असतानाच करावा लागतो. आधी सामानसुमान घेऊन लोहगावला उतरायचं आणि मग कोथरूडमध्ये बसून फॉर्म भरायचा, हे त्यात बसत नाही.