कंटेनर आणि कोडेक: व्हिडिओ नेमका कुठे अडतो?

‘एमकेव्ही फाइल संगणकावर चालत नाही’ ही तक्रार खरी असली, तरी तिच्यावरून दोष कुठे आहे ते कळत नाही. एमकेव्ही हे केवळ वेष्टनाचे नाव आहे. आतील चित्र आणि ध्वनी कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहेत, हे त्या नावातून समजत नाही. या वेष्टनाला कंटेनर म्हणतात, आणि माहिती दाबण्याच्या व पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. लखोटा फोडता येणे आणि आतल्या पत्राची लिपी वाचता येणे यांत जेवढा फरक आहे, तेवढाच या दोहोंत आहे.

कोडेकची गरज एका साध्या हिशेबातून स्पष्ट होते. १९२० बाय १०८० बिंदूंची चौकट (म्हणजे व्हिडिओतील एक स्थिर चित्र, फ्रेम), प्रत्येक बिंदूला तीन बाइट आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर दर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट, म्हणजे तासाभराला जवळजवळ ५६० गिगाबाइट माहिती साठवावी लागेल. म्हणून अधूनमधून एखादी चौकट संपूर्ण ठेवायची आणि पुढच्या चौकटींमध्ये फक्त काय बदलले तेवढेच नोंदवायचे, हे काम कोडेक करतो. २००३ मधील एच.२६४, २०१३ मधील एच.२६५ (यालाच एचईव्हीसी म्हणतात) आणि २०१८ मधील एव्ही१ हे चित्राचे कोडेक आहेत. एएसी, ओपस आणि डीटीएस हे ध्वनीचे.

कंटेनरचे काम वेगळे आहे. चित्राचा प्रवाह, एक किंवा अनेक ध्वनिप्रवाह आणि उपशीर्षके एकत्र बांधणे, आणि कोणत्या क्षणी काय दाखवायचे याची नोंद ठेवणे, एवढीच त्याची जबाबदारी असते. मायक्रोसॉफ्टचे एव्हीआय १९९२ चे आहे. एमपी४ ची रचना ॲपलच्या क्विकटाइमवरून घेतलेली आहे. एमकेव्ही ज्याचे लघुरूप आहे, ते मत्रोस्का हे नाव एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून पडले, आणि ते समर्पकही आहे, कारण या वेष्टनात जवळजवळ कोणताही कोडेक मावतो.

गोंधळाला नावेही जबाबदार आहेत. एमपीईजी-४ हे एका मोठ्या मानक-मालिकेचे नाव आहे. तिच्या १४ व्या भागात एमपी४ या कंटेनरची, १० व्या भागात एच.२६४ या कोडेकची, तर दुसऱ्या भागात एक्सव्हिड ज्यावर आधारलेला आहे त्या जुन्या कोडेकची व्याख्या आहे. त्यामुळे कोणी ‘ही एमपीईजी-४ फाइल आहे’ असे सांगितले, तर तो वेष्टनाविषयी बोलत आहे की आतल्या मालाविषयी, हे त्याला विचारल्याशिवाय कळायचे नाही.

प्रत्यक्षात बिघाडाच्या लक्षणांवरूनच बरेच कळते. प्लेअर फाइल उघडायलाच नकार देत असेल आणि तिचा कालावधीही दाखवत नसेल, तर संशय कंटेनरवर घ्यावा. कालावधी दिसतो, ध्वनी येतो, पण पडदा काळा राहतो, किंवा चित्र हलते आणि आवाज नसतो, अशा वेळी त्या एका प्रवाहाचा कोडेक प्लेअरला ठाऊक नसतो. चित्र अडखळत असेल, तर बहुधा कोडेक ओळखीचा असतो, पण तो उलगडण्याचा भार संगणकाला पेलत नसतो; जुन्या यंत्रांवर एच.२६५ किंवा एव्ही१ ची मोठी फाइल लावली की हे हमखास घडते. खात्री करायची असल्यास व्हीएलसी या प्लेअरच्या टूल्स मेन्यूतील कोडेक माहितीची खिडकी उघडावी, किंवा मीडियाइन्फो हा छोटा प्रोग्राम वापरावा.

फाइलच्या नावाचे शेपूट (.avi, .mp4 यांसारखे) बदलून काही साधत नाही. एव्हीआय फाइलच्या पहिल्या चार बाइटमध्ये ‘आरआयएफएफ’ ही अक्षरे असतात आणि चांगले प्लेअर अशाच आतल्या खुणांवर विश्वास ठेवतात. लखोट्यावरचा पत्ता खोडला म्हणून मजकूर बदलत नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्वतःचे कोडेक सोबत बाळगणारा प्लेअर घेणे, आणि व्हीएलसीची ख्याती त्याचमुळे आहे. कोडेकचे गठ्ठे शोधून बसवण्याचा सल्ला मात्र मला आता कालबाह्य वाटतो. शिवाय ‘हा व्हिडिओ पाहण्यासाठी कोडेक उतरवा’ असे सांगून घातक प्रोग्राम गळ्यात मारण्याची युक्ती फार जुनी आहे.

फाइल दुसऱ्या उपकरणासाठी बदलायचीच असेल, तर कंटेनर आणि कोडेक यांतील फरक खरा उपयोगी पडतो. एमकेव्हीच्या आत एच.२६४ आणि एएसी असेल, तर फाइली रूपांतरित करणाऱ्या एफएफएमपेग या प्रोग्रामला प्रवाह जसेच्या तसे उचलून एमपी४ मध्ये ठेवण्यास सांगता येते. हे काम बहुतेकदा मिनिटभरात उरकते आणि दर्जा तसूभरही घटत नाही, फक्त सजवलेली उपशीर्षके या स्थलांतरात टिकत नाहीत. कोडेकच बदलायचा असेल, तर प्रत्येक चौकट उलगडून पुन्हा दाबावी लागते, त्यात तासही जाऊ शकतात, आणि एकदा गमावलेला बारकावा परत येत नाही, म्हणून मूळ फाइल पुसू नये.

एक प्रकार असा, की तिथे यांपैकी कोणताच उपाय चालत नाही. अनेक एमपी४ फाइलींची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिलेली असते. नक्कल अर्ध्यात तुटली, तर चित्र आणि ध्वनी आत असूनही ते कुठे सुरू होतात हे प्लेअरला सापडत नाही. लक्षण कंटेनर न ओळखल्यासारखेच दिसते, पण अशा वेळी आधी मूळ फाइलशी आकार ताडून पाहावा आणि तो कमी भरला, तर नक्कल पुन्हा करावी.